गरजेपुरतं खोटं

या संहितेची सुरुवातच ताकिदीने होते. पहिली ओळ म्हणते, हा नुसता नमुना आहे, लोड करायला जाऊ नका. दुसरी म्हणते, मशीन सुरू करण्याआधी यातला रकाना न् रकाना समजून घ्या. मूळ इंग्रजीत ‘प्रत्येक’ हा शब्द सगळा कॅपिटल अक्षरांत आहे. लिहिणाऱ्याने आधी बरंच सोसलं असावं. दोन्ही ओळींच्या नावांआधी # हे चिन्ह आहे. या चिन्हाने सुरू होणारं नाव दिसलं की ओपनकोअर हा बूटलोडर, म्हणजे संगणकावर प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, ते ओलांडून पुढे जातो. म्हणजे ही ताकीद यंत्राच्या कानावर पडतच नाही. ती आपल्यासाठी आहे.

शाळेत कवितेचं रसग्रहण लिहायचं म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन खण भरायचे. आम्ही ते गाईडमधून भरायचो, आणि कविता वाचायची राहूनच जायची. हॅकिंटॉशच्या बाबतीत मी पहिल्यांदा नेमकं तेच केलं. दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपसाठी तयार केलेला, ही संहिता पोटात असलेला ईएफआय फोल्डर आणला, पेनड्राइव्हवर टाकला, माझा लॅपटॉप सुरू झाला आणि आपल्याला सगळं येतं असं मला वाटलं. लॅपटॉप अडखळायला लागला तेव्हा कुठे संहिता वाचायला घेतली.

हॅकिंटॉश म्हणजे ॲपलने न बनवलेल्या संगणकावर बसवलेली मॅकओएस. २००५ च्या जूनमध्ये ॲपलने मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर नेत असल्याचं जाहीर केलं आणि २००६ च्या जानेवारीत पहिले इंटेल मॅक आले. मॅकच्या पोटातलं सामान आणि आपल्या टेबलावरच्या डब्यातलं सामान आता बरंचसं एकाच जातीचं झालं होतं. प्रश्न उरला तो ओळख पटवण्याचा. ॲपलचा परवाना सांगतो की ही प्रणाली ॲपलचा छाप असलेल्या संगणकावरच चालवायची. फ्लोरिडातल्या सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ मध्ये अशी यंत्रं उघड विकायला काढली. ॲपलने तिला कोर्टात खेचलं, २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही टिकला. हौशी मंडळींचं काम मात्र घरोघर चालूच राहिलं. मीही त्यांतलाच. परवान्याबाहेरचं ते बाहेरचंच. पुढचं सगळं तेवढं कबूल करून वाचायचं आहे.

माझं यंत्र एका कार्यालयातून निघालेला जुना लॅपटॉप. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, इंटेलचं वायफाय, एक एनव्हीएमई एसएसडी. काम पुस्तकांच्या मांडणीचं. आणि संहिता म्हणजे ओपनकोअरची कॉन्फिग डॉट पीलिस्ट ही फाइल. २०१९ मध्ये ओपनकोअर आलं, त्याआधीच्या क्लोव्हरची जागा त्याने हळूहळू घेतली. या फाइलला आठ खाती आहेत: एसीपीआय, बूटर, डिव्हाइस प्रॉपर्टीज, कर्नल, मिस्क, एनव्हीरॅम, प्लॅटफॉर्म इन्फो आणि यूईएफआय. अष्टप्रधान मंडळच म्हणा. गंमत म्हणजे ‘मिस्क’, म्हणजे किरकोळ, या नावाखाली सुरक्षेपासून नोंदवहीपर्यंतचं महत्त्वाचं काम आहे. सरकारी कचेरीत खरी सत्ता कुठल्या टेबलावर असते हे ज्याला माहीत आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

किल्लीच्या जागी विनवणी

ही फाइल ज्या प्रणालीची मनधरणी करते, तिच्या दारातच एक पद्य उभं आहे. इंटेलच्या मॅकमध्ये पंखा, तापमान, बॅटरी यांवर लक्ष ठेवणारी एसएमसी नावाची चिप असते. तिच्याजवळ ओएसके-शून्य आणि ओएसके-एक अशा दोन किल्ल्या असतात, प्रत्येकी ३२ अक्षरांच्या. दोन्ही जोडल्या की ६४ अक्षरांचा, शब्दांत जागा न सोडलेला, पण लयीत म्हणता येईल असा मजकूर तयार होतो. आशय विनवणीचा आहे: कष्ट आमचे आहेत, चोरी करू नका. शेवटी कॉपीराइटची खूण. फाइंडर, डॉक, लॉगिन विंडो असे मोजके प्रोग्राम ॲपलने डिस्कवर कुलूपबंद ठेवले आणि ते उघडायला हाच मजकूर किल्ली म्हणून वापरला. अमित सिंग यांनी ही सगळी यंत्रणा २००६ मध्येच उलगडून लिहिली होती.

कुलूप उघडणाऱ्या घटकाचं नाव ‘डोन्ट स्टील मॅक ओएस टेन’. बूट होताना पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं धावू दिली, तर त्यांत त्याचं आद्याक्षरी रूप भेटतं. आधी ‘वेटिंग फॉर डीएसएमओएस’, थोड्या वेळाने ‘डीएसएमओएस हॅज अराइव्ह्ड’. शेकडो ओळी पत्ते आणि आकडे पुटपुटत असताना मधेच कुणाची तरी वाट पाहिली जाते आणि तो येतो. तेवढ्या दोन ओळींत एक अख्खा प्रवेश होऊन जातो.

हॅकिंटॉशमध्ये ती चिप नसते. व्हर्च्युअलएसएमसी नावाचा विस्तार तिचं सोंग घेतो आणि विचारल्यावर ती ६४ अक्षरं म्हणून दाखवतो. ज्याला उद्देशून ‘चोरू नका’ म्हटलंय, त्यानेच ते वाक्य न चुकता पाठ म्हणायचं, मग दार उघडतं. या ओळीपाशी मी दर वेळी जरा ओशाळतो. पण संहितेतलं सगळ्यात मोठं खोटं इथे एकदाच, एकाच ठिकाणी बोलून होतं. पुढच्या सगळ्या कारागिरीचा प्रश्न असा की आणखी किती बोलायचं. आणलेली फाइल भारंभार बोलते. चांगली फाइल गरजेपुरतं बोलते. तीन वर्षांच्या वाचनातून हाती लागलेला विचार एवढाच; वेग, वायफाय आणि स्थैर्य ही त्याची तीन उदाहरणं आहेत. त्याआधी एक छोटी रचना जवळून बघू.

चार होकार आणि एक नकार

एसीपीआय म्हणजे यंत्राच्या मदरबोर्डने प्रणालीला दिलेली स्वतःची ओळखयादी. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये तिचे नियम केले. या यादीत प्रत्येक नाव चार अक्षरांचंच असतं; कमी पडली तर अधोरेषा घालून मात्रा भरायच्या. वृत्तात लिहिणाऱ्याला ही अडचण ओळखीची वाटेल.

२०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकओएस बूट होताना ‘ईसी’ नावाचं उपकरण शोधते. ते सापडलं नाही तर तिथेच थबकते. ईसी म्हणजे कीबोर्ड, बॅटरी, झाकण यांचा कारभार बघणारा छोटा नियंत्रक. माझ्या लॅपटॉपमध्ये तो आहे, पण बनवणाऱ्याने त्याचं नाव ‘ईसी-शून्य’ ठेवलंय. एका अक्षराने घात.

आणलेल्या फाइलमधला उपाय धसमुसळा होता: जिथे जिथे ईसी-शून्य दिसेल तिथे तिथे ईसी करा. मॅक सुरू झाला. पण ओपनकोअर हे बदल त्याच्यामार्फत सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रणालीला लावतं. म्हणजे शेजारच्या विभागात नांदणाऱ्या विंडोजलाही हे बारसं परस्पर ऐकवलं जात होतं.

आता त्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर बघा. खऱ्या नियंत्रकाला हात न लावता यादीत ईसी नावाचं एक कल्पित उपकरण घालायचं. त्याला कुणी विचारलं, बाबा रे, तू आहेस का, तर त्याने काय सांगायचं तेही लिहून द्यायचं. मराठीत उतरवलं तर ते असं होईल:

विचारणारा डार्विन असेल, तर सांग १५.
नसेल, तर सांग शून्य.

डार्विन हे मॅकओएसच्या गाभ्याचं नाव. आणि १५ हा आकडा सहज आलेला नाही. तो एक, दोन, चार आणि आठ यांची बेरीज आहे आणि त्यातला प्रत्येक अंक म्हणजे एकेक होकार: आहे, सुरू आहे, दिसतं, नीट चालतं. चार होकार एका आकड्यात. डार्विनखेरीज कुणीही विचारलं तर सरळ शून्य, म्हणजे मी नाहीच. खोटं बोलायचं ठरलं, पण ज्याला ते ऐकल्यावाचून पुढे सरकता येत नाही त्याच्यापुरतंच. विंडोजला त्याचा वाराही लागत नाही. खरा ईसी-शून्य आपलं बॅटरीचं काम मुकाट करत राहतो.

या कल्पित उपकरणाला ओळखक्रमांक दिलाय ‘ॲसिड-०००१’. ओपनकोअर लिहिणाऱ्या गटाचं नाव ॲसिडॅन्थेरा, एका फुलझाडाचं. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा यावी, तशी ही नसलेल्या उपकरणाच्या कपाळावर उमटलेली मुद्रा. माझ्या वाचनात संहितेतली ही सगळ्यात सुंदर जागा आहे.

चोवीस सेकंदांचा स्पेसमन

माझा लॅपटॉप बटण दाबल्यापासून लॉगिनच्या पडद्यापर्यंत ५८ सेकंद घ्यायचा. एवढा वेळ काही कुणाचा जीव घेत नाही. पण एसएसडी असताना ५८ म्हणजे कुठेतरी कुणीतरी रेंगाळतंय.

रेंगाळणारा शोधायचा तर बूट होताना अक्षरं दाखवणारी ‘वजा-व्ही’ ही सूचना ठेवायची आणि धावत्या ओळींत थांबे शोधायचे. वाचणाऱ्याला लवकरच कळतं की या मजकुरालाही यती आहेत. ‘एक्झिट बीएस स्टार्ट’ या ओळीवर बूटलोडर यंत्राच्या फर्मवेअरचा निरोप घेतो. तिथे थांबलं तर दोष बहुतेक वेळा बूटर खात्यात. ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ आली तर डिस्कच दिसत नाहीये. ‘जीआयओ स्क्रीन लॉक स्टेट’ ही जवळजवळ शेवटची ओळ. तिथे अडकलं तर बहुधा चित्र दाखवणाऱ्या भागाचा घोळ. ओळ दोष सांगत नाही, पण दोषाची गल्ली दाखवते.

पहिले काही सेकंद सहज सापडले. ‘मिस्क’ खात्यात ‘टार्गेट’ नावाच्या रकान्यात ६७ होते. हाही बेरजेचा आकडा: ६४, २ आणि १. एक म्हणजे नोंद ठेवा, दोन म्हणजे पडद्यावर दाखवा, चौसष्ट म्हणजे फाइलमध्ये लिहून काढा. आणलेल्या फाइलच्या मूळ मालकाने दुरुस्तीसाठी दैनंदिनी सुरू केली होती आणि मी त्याची दैनंदिनी माझ्या डिस्कवर रोज लिहीत होतो. ६७ मधून ६४ वजा केले, उरले ३. तपासणीसाठी असलेली ओपनकोअरची डीबग आवृत्ती काढून साधी घातली. प्रणाली निवडायच्या पडद्यावर पाच सेकंद वाट बघायचं ठरलेलं होतं, ते दोनावर आणलं.

तरी मोठा थांबा तसाच. तो लॉगमध्ये नाव घेऊनच सापडला: ‘स्पेसमन स्कॅन फ्री ब्लॉक्स’, आणि त्याच ओळीत पुढे, ट्रिमला २४ सेकंद लागले. हा स्पेसमन अंतराळवीर नव्हे. एपीएफएस या फाइलप्रणालीत मोकळ्या जागेचा हिशेब ठेवणारा जो कारभारी, त्याचं हे आखूड नाव. त्याच्या वहीत जागेच्या दोनच अवस्था: वापरातली आणि मोकळी. मोकळी जागा एसएसडीला आधी कळवली आहे की नाही, याची तिसरी नोंद त्याच्याकडे नाही. म्हणून दर बूटला तो सगळी मोकळी जागा एसएसडीला नव्याने वाचून दाखवतो; हेच ट्रिम. काही एसएसडींचे कंट्रोलर हे पटापट ऐकून घेतात, काहींना एकेक नोंद जड जाते. माझी दुसऱ्या जातीची होती.

यावर संहितेत रकाना आहे, ट्रिमची मुदत ठरवणारा. २०२१ च्या मॉन्टेरेपासून मुदत कमी-जास्त करता येत नाही. शून्य घालून बूटच्या वेळचं ट्रिम बंद तेवढं करता येतं. शून्य घातलं. बूट एकदम चोवीस सेकंदांनी उतरलं आणि मी घरभर सांगत सुटलो. मग विचार केला की आपण नक्की काय केलं. कारभाऱ्याला गप्प बसवलं. मोकळ्या जागेची बूटच्या वेळची उजळणी एसएसडीला आता ऐकू येणार नव्हती. जी मोकळी जागा तिला एरवी कळणार नाही, ती भरलेलीच आहे असं समजून ती जुने ठोकळे इकडून तिकडे वाहत राहणार, आणि पुढे लिहिण्याचा वेगही पडू शकतो, आयुष्यही घटू शकतं. हे खोटं गरजेचं नव्हतं, सोयीचं होतं. काही दिवसांनी शून्य काढलं, ती एसएसडी विंडोजच्या संगणकात घातली आणि मॅकसाठी वेगळ्या कंट्रोलरची घेतली. तिच्यावर तोच स्पेसमन दीड सेकंदात वाचन आटोपतो. बूट २७ सेकंदांवर आलं. फाइलमधली एक ओळही त्यासाठी वाढली नाही.

विमानतळ आणि हेलिपोर्ट

बिनतारी जोडणीच्या बाबतीत हा विचार जास्त कसाला लागतो, कारण तिथे मोह मोठा आहे. ॲपलने १९९९ मध्ये वायफायला ‘एअरपोर्ट’ असं नाव दिलं. वरचं नाव पुढे मागे पडलं, आतल्या घटकांत मात्र टिकलं. इंटेलच्या वायफाय कार्डासाठी ॲपलने कधीच चालक, म्हणजे ड्रायव्हर, लिहिला नाही, आणि बाजारातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर इंटेलचंच कार्ड.

म्हणून मी आधी मॅकमध्ये असायचं तसं ब्रॉडकॉमचं कार्ड शोधलं. पुण्यात अशा कामाला तपकीर गल्ली. दुकानदाराने जुन्या लॅपटॉपमधून काढलेलं, नखाएवढं कार्ड समोर ठेवलं आणि विचारलं, “आत्ता काय आहे त्यात?”

“इंटेलचं.”

“बिघडलंय?”

“नाही, चालतंय.”

“अहो, मग चालतं कार्ड काढून हे जुनं कशाला घालताय?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण तिथे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. कार्ड बसवलं, सोबत एक छोटा विस्तार घातला, कार्डाच्या देशाच्या जागी ‘#ए’ असं सामान्य चिन्ह दिलं. वायफाय अगदी घरच्यासारखं आलं, एअरड्रॉपसकट. दीड वर्ष सुखाचं गेलं. २०२३ मध्ये सोनोमा आली आणि ॲपलने २०१७ पर्यंतच्या मॅकमधल्या वायफाय चिपांचा आधार काढून घेतला. माझं कार्ड त्यांच्याच पंक्तीतलं.

ते जिवंत ठेवायचा मार्ग आहे: जुने घटक पुन्हा प्रणालीत कलम करायचे. पण २०२० च्या बिग सरपासून मॅकओएसचा मूळ विभाग मोहोरबंद असतो. कलम करायचं म्हणजे मोहोर फोडायची, सुरक्षेची काही कुलपं सैल करायची आणि पुढच्या प्रत्येक अपडेटला छोट्या तुकड्याऐवजी दहा जीबीहून मोठा अख्खा इन्स्टॉलर उतरवून पुन्हा कलम करायचं. एक आयकॉन नीट दिसावा म्हणून एवढं? मी दुकानदाराला मनातल्या मनात नमस्कार केला आणि इंटेलचं कार्ड परत बसवलं.

इंटेलसाठी हौशी मंडळींनी ओपनबीएसडीतल्या चालकाच्या आधाराने स्वतःचा चालक लिहिला आहे, आणि तो दोन रूपांत मिळतो. एक रूप ‘एअरपोर्ट’ हे आडनाव लावून येतं. ते ॲपलच्या वायफायचं सोंग घेतं. वरच्या पट्टीत नेहमीचा पंखा दिसतो, पासवर्ड नेहमीच्या जागी मागितला जातो. पण सोंग वठवायचं तर ॲपलच्या आतल्या रचनेशी अक्षरशः जुळवून घ्यावं लागतं, म्हणून प्रत्येक मॅकओएससाठी त्याची वेगळी प्रत. सोनोमाला तर १४.० साठी एक आणि १४.४ साठी दुसरी. दुसरं रूप असं काही करत नाही. ते प्रणालीला सांगतं, मी साधी इथरनेटची वायर आहे. वरचा पंखा रिकामाच राहतो. जाळं निवडायला वेगळं छोटं ॲप लागतं. त्या ॲपचं नाव हेलिपोर्ट. खरा विमानतळ नाही, पण उतरायला जागा आहे. भाषिक वैशिष्ट्यांच्या खणात मी हे नाव सगळ्यात वर ठेवीन.

वायर नसताना वायर आहे म्हणणं हेही खोटंच. पण ते छोटं आणि जुनं खोटं आहे. इथरनेट म्हणजे काय याबद्दल प्रणालीचं मत दर सप्टेंबरला बदलत नाही, म्हणून तेच रूप वर्षानुवर्षं चालतं. पहिलं रूप दिसायला देखणं, दुसरं टिकाऊ. एअरड्रॉप दोन्हींत नाही. मी दुसरं निवडलं आणि फोटो फोनवरून वायरीने घ्यायला शिकलो.

खरं सांगायची जागा

स्थैर्याची गोष्ट उलटी आहे. तिथे खोटं कमी बोलून भागत नाही, खरं बोलावं लागतं.

मुंबईहून पुण्याला येताना मी झाकण मिटून लॅपटॉप पाठपिशवीत टाकला होता. लोणावळ्याच्या अलीकडे मांडीवरची पिशवी ऊबदार लागायला लागली. घाटात गारवा आणि पिशवीत शेगडी. काढून बघतो तर पंखा पूर्ण वेगात आणि बॅटरी १९ टक्क्यांवर. घरी येऊन झोपेचा लॉग काढला. लॅपटॉप निजत होता, काही सेकंदांत उठत होता, पुन्हा निजत होता. प्रत्येक वेळी उठवणारा एकच, ‘एक्सएचसी’, म्हणजे यूएसबीचा कंट्रोलर. त्याला बाहेरून काही जोडलेलं नव्हतं.

२०१५ च्या एल कॅपिटनपासून मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट मानते. माझ्या कंट्रोलरच्या यादीत नावं १८. त्यांतली बरीच पोकळ. चिप बनवणाऱ्याने सोय ठेवली, लॅपटॉप बनवणाऱ्याने तिथे काही जोडलंच नाही. पंधराची मर्यादा उठवणारी एक युक्ती आणलेल्या फाइलमध्ये होती, पण मॅकओएस ११.३ पासून तिचा उपयोग नाही. ती ओळ तिथे नुसतीच बसून होती, निवृत्त होऊनही खुर्ची न सोडणाऱ्या कारकुनासारखी.

मग एक रविवार त्यात घातला. एक जुना, मंद यूएसबी-दोनचा पेनड्राइव्ह आणि एक यूएसबी-तीनचा. पहिल्या भोकात जुना घाला, कुठलं नाव उजळतं ते लिहा, काढा, नवा घाला, पुन्हा लिहा. निळ्या रंगाचं एक भोक दोन नावं खातं, मंद वेगाचं एक आणि जलद वेगाचं एक. मग दुसरं भोक, तिसरं. त्यानंतर बाहेरून न दिसणारी: कॅमेरा, ब्लूटूथ, कार्ड वाचणारा. संध्याकाळी कागदावर १८ पैकी ८ नावं खरी उरली.

प्रत्येक नावापुढे प्रकार लिहायचा असतो. शून्य म्हणजे साधं भोक, तीन म्हणजे निळं, २५५ म्हणजे आतलं, कायमचं जोडलेलं. माझ्या ब्लूटूथपुढे तीन लिहिलेलं होतं. प्रणाली समजत होती की बाहेर कुणीतरी काहीतरी खुपसून ठेवलंय, आणि झोपेत त्याची चाहूल घेत होती. तीनाच्या जागी २५५ केले. त्या रात्री झाकण मिटलं ते सकाळपर्यंत मिटलेलं राहिलं. बॅटरी दोन टक्के उतरली.

मला या आठ ओळींचं कौतुक वाटतं ते यासाठी की त्यांत चतुराई काहीच नाही. नसलेलं नसलेलं म्हणून पुसलं, आतलं ते आतलं म्हणून सांगितलं. सबंध सोंगाच्या नाटकात नेपथ्य खरं असावं, तशा त्या आहेत. ज्या हॅकिंटॉशला लोक अस्थिर म्हणून हिणवतात, त्यांतले बरेच सोंगामुळे पडत नाहीत. त्यांना स्वतःच्या अंगाची माहिती चुकीची दिलेली असते.

उणं आणि उरलेलं

रसग्रहणात उणिवाही सांगाव्यात. ही संहिता लांबट आहे. जी खाती आपल्या कामाची नाहीत तीही रिकाम्या रकान्यांसह बाळगावी लागतात. तिची भाषा कोरडी आहे. चुकलं तर काय चुकलं ते ती सांगत नाही, फक्त काळा पडदा दाखवते. आणि तिचा सगळ्यात मोठा दोष तिचा नाही, आपला आहे: ती सहज उचलून आणता येते. आणलेल्या फाइलने बूट होतं, पण ५८ सेकंद का, हे विचारायला माणूस उरत नाही.

शिवाय तिचे दिवस भरत आलेत. २०२० च्या जूनमध्ये ॲपलने मॅक स्वतःच्या चिपांवर नेत असल्याचं सांगितलं, आणि २०२५ च्या जूनमध्ये टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं. ज्या प्रणालीचं मन वळवायला ही भाषा जन्मली, ती प्रणालीच आता दुसरी बोली बोलणार. त्यानंतर ही फाइल कुणाला नवं काही शिकवणार नाही. जुन्या यंत्रांत चालेल तेवढी चालेल.

बूट सुधारल्यावर मी ‘वजा-व्ही’ काढून टाकलं होतं. आता काळ्या पडद्यावर सफरचंद येतं, खालची पट्टी भरते, डीएसएमओएस येऊन जातो ते दिसतही नाही. परवा बऱ्याच दिवसांनी फाइल उघडली. तिच्या बहुतेक नोंदींना शेरा लिहायला एक रकाना असतो. तो फक्त रोमन अक्षरं घेतो. देवनागरी घातली तर फाइल तपासणारं साधन तक्रार करतं. म्हणून माझे शेरे सगळे रोमन लिपीतल्या मराठीत आहेत, एसटीच्या तिकिटामागे घाईत लिहावं तसे. ‘झोपेसाठी.’ ‘बॅटरीचा आकडा.’ ‘विंडोजला लावू नये.’

कर्नल खात्यात एका ओळीपुढे लिहिलेलं होतं: ‘हे कशासाठी ते ठाऊक नाही, पण काढायला भीती वाटते.’ तीन वर्षांपूर्वीचा मीच. ती ओळ कशासाठी आहे ते आता मला वाचता येत होतं. माझ्या लॅपटॉपमध्ये नसलेल्या एका साउंड कार्डासाठी होती. मूळ फाइलबरोबर आलेली.

ओळ काढली, फाइल सेव्ह केली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. सत्तावीस सेकंद. तेवढेच.